मोहिमेची शिदोरी

राहनाळच्या रस्त्याला आज कुठेही उभं राहा, समोर गोदाम असतं. आपण शाळेत जायचो तेव्हा जिथे भातखाचरं होती, तिथे आता पत्र्याच्या उंच शेड आहेत आणि आत किराण्याच्या मालाच्या थप्प्या. माझी नोकरी सॉफ्टवेअरची. अशाच साठ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालींवर मी काही वर्षं काम केलं आहे: कुठला माल आधी आला, कुठला आधी बाहेर जायला हवा, पावसाळ्यासाठी किती जास्तीचा धरायचा. त्यामुळे मेळाव्यानंतर माहुलीवर एक रात्र मुक्काम करायचा असं आपल्या ग्रुपवर ठरलं आणि दोन मिनिटांत "खायचं काय?" यावर चाळीस मेसेज पडले, तेव्हा मला शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवलं.

१६७३-७४ च्या सुमाराचं, मे महिन्यातलं हे पत्र आहे. चिपळूणजवळ दळवटण्याला घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिलं आहे. पावसाळ्यासाठी म्हणून मोठ्या कष्टाने दाणावैरण जमवली होती आणि ती आताच संपवायला सुरुवात झाली होती. महाराज सांगतात, की आहे म्हणून बेपर्वाईने उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी कुणब्याचं धान्य उचलेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. जे बिचारे जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पैसे दिलेले आहेत. ज्याला जे हवं ते त्याने बाजारातून विकत आणावं.

पुढचा भाग मला अधिक आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याने छावणी डोळ्यांनी पाहिलेली आहे हे त्यातून कळतं. कोणी स्वैपाकाला भलत्या जागी चूल मांडेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, वारा सुटेल आणि गवताच्या गंजी पेटतील. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात पळवेल. एकदा वैरण जळाली, की मग कारकुनांना कितीही ताकीद करा, एक काडी मिळणार नाही. राज्य उभं करणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो! आमच्याकडे अशा शक्यता शोधायला स्वतंत्र बैठका होतात.

साठवणीचं दुसरं टोक पन्हाळ्यावर दिसतं. तिथल्या अंबारखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. बाहेरून जिने थेट छतावर जातात आणि छताला भोकं आहेत. धान्य वरून ओतायचं, खालून काढायचं. आपोआप जुनं आधी बाहेर पडतं. आपल्या गोदामांत याच कामासाठी बारकोड लावतात. पाण्याचंही तसंच. रामचंद्रपंत अमात्यांची 'आज्ञापत्र' ही पोथी गड बांधण्याआधी पाणी पाहा म्हणते, आणि नसेल तर खडक फोडून टाकी करा. गडावरचा केर जाळून ती राख परसात घालावी आणि भाजीपाला करावा, हेही त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं!

साठा नसलेल्या मोहिमेचं काय होतं, ते पानिपतावर दिसलं. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तिथे धान्य हाती लागलं. पण अब्दाली यमुना ओलांडून मागे आला आणि दक्षिणेचा रस्ता बंद झाला. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. लढणाऱ्यांबरोबर बुणगे आणि यात्रेकरूही होते, तेही जेवणारेच. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडलं ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. त्या दिवसाच्या चुका युद्धशास्त्रातले लोक मोजतात. मला वाटतं, लढाई त्याआधीच्या अडीच महिन्यांत चुलीपाशी हरली होती.

त्या काळी फौजेमागे धान्य चालायचं ते लमाण-बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. इंग्रजांच्या फौजाही दख्खनमध्ये त्यांच्याच बळावर फिरल्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सरदारांची नावं होती, या तांड्यांना मात्र एखादी ओळ मिळायची.

मावळ्याच्या फडक्यात काय होतं? भाकरी, कांदा, लाह्या, भाजलेल्या धान्याचं पीठ, गूळ. पाणी घातलं की खाता येईल असं, म्हणजे धूर दिसायला नको. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, आणि बटाटा, शेंगदाणा घरोघरी रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. तेव्हा शेंगदाण्याची चटणी खाणारा मावळा नाटकात बरा. आपल्या आगरी घरांतली तांदळाची भाकरी आणि सुकट मात्र या कसोटीला उतरते. वजन नाही, बर्फ लागत नाही, आणि भाजायला दोन काटक्या पुरतात.

आता माहुली. १६३५-३६ मध्ये शहाजीराजांनी तिथे वेढा सोसला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड गेला आणि १६७० मध्ये परत आला. उंची सुमारे २,८०० फूट, म्हणजे पाणी शंभराऐवजी सत्त्याण्णव अंशांना उकळतं. मुगाच्या खिचडीला फारसा फरक पडत नाही, तूरडाळीला थोडा वेळ लागतो. त्यामुळे खिचडी मुगाचीच. माणशी तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ चाळीस, आणि दोन माणसांचं जास्तीचं. मटकी आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधली तर चढताना पिशवीतच मोड येतात.

किराणा पायथ्याच्या गावातूनच घेऊ, रोख पैसे देऊन. लाकूड मागायचं नाही. छोटा स्टोव्ह मी आणते. वरचा कचरा खाली आणायचा, प्लास्टिक जाळायचं नाही. अमात्यांच्या केरात ते नव्हतं. आणि सुकट आणणाऱ्यांनी घट्ट झाकणाच्या डब्यात आणावी, नाहीतर लोकलमध्ये शेजारचे पुढच्या स्टेशनलाच डबा बदलतील.