संत्र्याचा रंग, मोबाईलचा पडदा आणि इब्न अल-हैसम

गोष्ट आंबिया बहाराची आहे. नरखेड तालुक्यात आमच्या चाचांची संत्र्याची बाग आहे. तोड सुरू झाली त्या संध्याकाळी शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली भरलेली कॅरेटं मांडली होती. मी मोबाईलवर फोटो काढले आणि परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला पाठवले. फोटोत फळ केशरी, झळझळीत दिसत होतं. भाव ठरला, गाडी भरून गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "चाचा, फोटोत माल केशरी होता, इथं तर हिरवट उतरला. फोटोला रंग मारून पाठवता का?"

माल परत आणणं शक्य नव्हतं. भाव पाडून घ्यावा लागला. पण चाचांना पैशाचं दुःख कमी होतं. ते एवढंच म्हणाले, "मापात कधी एक फळ कमी दिलं नाही. आता रंगात बेईमानी केली म्हणे."

फोटो मी काढला होता. त्यामुळे हा आरोप खरं तर माझ्यावर होता. मी कुठलाही फिल्टर लावला नव्हता. मग खोटं कोण बोललं? फळ, कॅमेरा, पडदा की माझा डोळा? मोबाईल दुरुस्तीवाला बघताच म्हणाला, "डिस्प्ले गेलाय, बदलून टाका." मला ते पटेना. अशा वेळी आठवण झाली ती हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारणाऱ्या एका माणसाची.

अंधाऱ्या खोलीतला शास्त्रज्ञ

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम साधारण इ. स. ९६५ मध्ये बसरा शहरात जन्मला आणि १०४०च्या सुमारास कैरोत वारला. युरोप त्याला 'अल्हाझेन' म्हणून ओळखतो. चरित्रकार इब्न अल-किफ्ती सांगतो, की नाईल नदीचं पाणी नियंत्रित करण्याची योजना त्याने फातिमी खलिफा अल-हाकिमपुढे मांडली होती. प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर ते जमणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. खलिफाच्या रागातून वाचण्यासाठी त्याने वेडाचं सोंग घेतलं आणि १०२१ मध्ये अल-हाकिमचा अंत होईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. या कथेत भर किती आणि सत्य किती, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण त्याच्या 'किताब-उल-मनाझिर' या सात खंडांच्या ग्रंथाविषयी वाद नाही. त्याचा लॅटिन अनुवाद १५७२ मध्ये बासेल इथे छापला गेला आणि युरोपातल्या प्रकाशशास्त्राने त्यावर आपली पुढची इमारत उभी केली.

युक्लिड आणि टॉलेमी मानत, की डोळ्यातून किरण निघून वस्तूपर्यंत जातात. इब्न अल-हैसमने साधा प्रश्न केला : सूर्याकडे पाहिलं की डोळा का दुखतो? म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतं. मग त्याने दिव्यांचा प्रयोग केला. एका छिद्रासमोर, वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले. छिद्रापलीकडच्या अंधाऱ्या जागेत प्रत्येक दिव्याचा वेगळा उजेड पडला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच उजेड नाहीसा व्हायचा. उघडला की परत यायचा. प्रकाश छिद्रात एकत्र येऊनही एकमेकांत मिसळत नव्हता.

इथे एक खुलासा करायला हवा. 'कॅमेरा हा शब्द अरबी कमरा या शब्दापासून आला' असा मेसेज आपल्या ग्रुपांवर दर वर्षी फिरतो. ते खरं नाही. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली. आपल्या घरांत बोलला जाणारा 'कमरा' त्याच मुळातून पोर्तुगीजांमार्फत आला. छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधी नोंदवलं गेलं होतं. इब्न अल-हैसमचं मोठेपण मोजायला खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची आणि मगच बोलायचं, ही त्याची शिस्त पुरेशी आहे.

रंग वस्तूत, उजेडात की डोळ्यात?

रंगाबद्दल त्याची निरीक्षणं आजही चकित करतात. गडद रंगाची वस्तू मंद उजेडात काळपट दिसते, लख्ख उजेडात तिचा रंग खुलतो. एकाच रंगाचे ठिपके पांढऱ्यावर गडद तर काळ्यावर फिके भासतात. अनेक रंगांचे पट्टे असलेला भोवरा फिरला की एकच मिश्र रंग दिसतो. त्याचं म्हणणं असं, की पाहणं म्हणजे केवळ डोळ्याचं काम नाही. मन आधीच्या ओळखीवरून अनुमान करतं, आणि अनुमान चुकू शकतं.

मोबाईलही अनुमानच करतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याला फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून प्रत्येक बारीक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळालं. त्यात अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. उरलेले रंग फोन हिशेबाने भरतो. शिवाय, उजेड पिवळा आहे की निळसर, याचा अंदाज घेऊन पांढरं ते पांढरं दाखवायचा प्रयत्न करतो. पिवळ्या बल्बखाली, चौकटीत पांढरं काहीच नसताना आणि सगळीकडे संत्रीच असताना हा अंदाज सहज फसतो.

मी एकेक दिवा झाकायला सुरुवात केली. तेच संत्रं, तोच फोन, पण दुपारी झाडाच्या मोकळ्या सावलीत : रंग हिरवट-पिवळा, म्हणजे खरा. मग कॅमेऱ्यातली दृश्य ओळखून रंग चढवणारी सोय बंद केली : भडकपणा आणखी उतरला. मग तोच जुना फोटो दुसऱ्या फोनवर पाहिला : तिथेही केशरी. म्हणजे दोष फोटोत होता, पण फक्त फोटोत नव्हता. माझ्या फोनवर पांढरं कोरं पानही पिवळट दिसत होतं. त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर मात्र स्वच्छ पांढरा. स्क्रीनशॉटमध्ये पडद्याचा दोष उतरत नाही, म्हणून ही परीक्षा सोपी आणि फुकट आहे. शोधल्यावर सापडलं, की रात्री निळा प्रकाश कमी करणारी 'नाइट लाइट' दिवसरात्र चालू राहिली होती. तिच्यामुळे मला सगळंच पिवळं दिसायचं आणि फोटोतला जास्तीचा केशरी रंग खटकलाच नाही. पडद्याचे रंगही 'व्हिव्हिड'वर होते, ते 'नॅचरल'वर आणले. पडदा अधूनमधून मंद व्हायचा, त्याचं कारण बॅटरी सेव्हर. फोटो धुरकट यायचा, कारण लेन्सवर संत्र्याच्या सालीचं तेल! मऊ कापडाने पुसलं आणि काम झालं. नवा डिस्प्ले घ्यावा लागला नाही.

संशयाचा हक्क

टॉलेमीवरच्या शंकांच्या आपल्या पुस्तकात इब्न अल-हैसम सांगतो, की सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या ग्रंथांवर शंका घ्यावी, आणि तपासताना स्वतःवरही. हा दुसरा भाग आपण विसरतो. व्यापाऱ्याने चाचांवर शंका घेतली, फोटोवर घेतली नाही. मी व्यापाऱ्यावर चिडलो, माझ्या फोनवर शंका घेतली नाही. दुरुस्तीवाल्याने तर कशावरच घेतली नाही.

आणखी एक गोष्ट दोघांनाही ठाऊक असायला हवी होती. संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग उतरायला थंड रात्री लागतात. थंडी उशिरा पडली तर फळ आतून पिकतं, गोड होतं, आणि वरून हिरवटच राहतं. रंग म्हणजे चव नव्हे, हे बागवानाला कळतं. पण आता सौदा पडद्यावर होतो आणि पडद्याला चव कळत नाही.

चाचांनी आता आपली रीत ठरवली आहे. फोटो दिवसा, सावलीत. कॅरेटवर खांद्यावरचा पांढरा रुमाल पसरायचा. फोनला पांढरं काय ते कळतं आणि समोरच्यालाही. शेजारी एक फळ कापून ठेवायचं. त्यानंतर फोन करून आधीच सांगायचं, "वरून हिरवट आहे भाऊ, आतून पिकलेलं आहे. पटलं तर घ्या."

परवा असाच फोटो काढून मी त्यांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो पाहिला, मग समोरचं संत्रं पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. म्हणाले, "हां, हे आपलंच फळ आहे. पाठव."