मूलद्रव्यांची उत्पत्ती

विश्वातील मूलद्रव्ये ज्या प्रक्रियांतून निर्माण झाली, त्यांना अणुकेंद्र-संश्लेषण म्हणतात. हायड्रोजन, हेलियम व अल्पसे लिथियम ही महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील निर्मिती होय; कार्बन व त्यापुढील जवळजवळ सर्व मूलद्रव्ये ताऱ्यांमुळे अस्तित्वात आली.

पहिली काही मिनिटे

ड्युटेरियमचे अणुकेंद्र सैल बांधणीचे असते. तापमान सुमारे १०० कोटी केल्व्हिनपर्यंत उतरेपर्यंत ते तयार होताच फुटत असे. तोवर दर सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला होता. म्हणजे १४ प्रोटॉनांमागे २ न्यूट्रॉन. त्यांतून एक हेलियम-४ अणुकेंद्र व १२ सुटे प्रोटॉन. सोळा कणांपैकी चार हेलियममध्ये गेल्याने त्याचे वस्तुमानातील प्रमाण २५ टक्के येते, आणि निरीक्षणांतही जवळपास तेवढेच आढळते. लिथियम-७ मात्र जुन्या ताऱ्यांमध्ये अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच दिसते. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

पाच व आठचा अडथळा

राल्फ आल्फर व जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९४८ साली सर्वच मूलद्रव्ये महास्फोटात घडली असावीत, असे मांडले. परंतु ५ किंवा ८ वस्तुमानांकाचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही, त्यामुळे हेलियमपुढची साखळी तेथेच तुटते. ताऱ्याच्या दाट गाभ्यात क्षणभंगुर बेरिलियम-८ फुटण्यापूर्वीच त्यावर तिसरे हेलियम आदळून कार्बन बनू शकतो. त्यासाठी कार्बनला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉइल यांनी सांगितले आणि कॅलिफोर्नियातील प्रयोगात ती सापडली. हे हॉइल महास्फोटाचे कट्टर विरोधक. ‘बिग बँग’ हे नाव मात्र त्यांनीच १९४९ मध्ये नभोवाणीवर वापरले. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर हेही महास्फोट सिद्धान्ताचे टीकाकार राहिले.

पहिले तारे

केवळ हायड्रोजन व हेलियमपासून बनलेला तारा अद्याप निर्विवादपणे आढळलेला नाही. असे बहुतेक तारे अतिविशाल व अल्पायुषी असावेत. त्यांची राख मात्र पुढच्या पिढीत सापडते: २०१४ साली जाहीर झालेल्या, आपल्याच आकाशगंगेतील एका ताऱ्याच्या वर्णपटात लोह आढळलेच नाही; कार्बन मात्र होता. तो एकाच आद्य अतिनवताऱ्याच्या अवशेषांतून जन्मला असावा, असा अर्थ लावला जातो.

लोहापर्यंतच्या संमीलनातून ऊर्जा मिळते, त्यापुढे ती खर्च होते. म्हणून जड मूलद्रव्ये प्रामुख्याने न्यूट्रॉन-ग्रहणाने घडतात. २०१७ मध्ये नोंदल्या गेलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या प्रकाशात स्ट्रॉन्शियमच्या खुणा ओळखल्या गेल्या.