दाताच्या दवाखान्यातलं पाणी

दातांच्या दवाखान्यात जाऊन आलेल्या दहा माणसांना मेंदूचा संसर्ग झाला आणि त्यातली आठ मेली. ही गोष्ट तामिळनाडूतल्या तिरुपत्तूर जिल्ह्यातल्या वाणियंबाडीची, 2023 ची. आपल्याला ती कळली 2025 मध्ये, जेव्हा वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, आयसीएमआरची चेन्नईची संस्था आणि तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या लोकांनी मिळून केलेला अभ्यास लॅन्सेटच्या दक्षिणपूर्व आशियाच्या अंकात छापून आला. चार दिवस बातम्या झाल्या आणि विषय संपला. तो इतक्यात संपू नये म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, कारण गोष्ट जुनी आहे.

तोंडात जंतू असतात हे माणसाला कळलं ते 1683 मध्ये. हॉलंडमधला कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव बघून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यानंतर दोनशे वर्षं दातवाल्यांच्या हत्याराला काही फरक पडला नाही. 1890 मध्ये विलोबी मिलर नावाच्या, बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने तोंडातल्या जंतूंवर अख्खा ग्रंथ लिहिला. तोवर शमबेरलाँचा ऑटोक्लेव्ह येऊन दहा वर्षं झाली होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला प्रेशर कुकरच, फक्त शिस्तीचा: 121 अंशाची वाफ, किमान पंधरा मिनिटं. साध्या उकळत्या पाण्यात 100 अंशाला बरेच जंतू मरतात, पण काहींची बीजं जिवंत राहतात. तरीही आमच्या तालुक्याच्या गावी मी शाळेत असताना दाताचे डॉक्टर हत्यारं डब्यात उकळूनच वापरायचे, आणि तो वाफाळता डबा बघून आम्हाला केवढा धीर यायचा!

खरा घोळ झाला तो एका चांगल्या शोधामुळे. 1957 मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डनचं हवेच्या दाबावर फिरणारं ड्रिल बाजारात आलं. नाव एअरोटर. आपल्याकडचे डॉक्टर आजही ड्रिलला एअरोटरच म्हणतात. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे. दात कोरायचा त्रास एकदम कमी झाला. पण एवढ्या वेगाने दात तापतो, आतली नस मरते. म्हणून टोकावर सतत पाण्याचा फवारा हवा. म्हणजे खुर्चीच्या पोटातून ड्रिलपर्यंत पाण्याची बारीक प्लॅस्टिकची नळी आली.

ही नळी फार तर बॉलपेनच्या रिफीलएवढी. घरातल्या कूलरच्या टाकीला आतून हात लावून बघा, बुळबुळीत थर लागतो ना? तोच थर या नळीत धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. नळी जितकी बारीक तितकं पाणी कमी आणि भिंत जास्त, आणि जंतूंना तर भिंतच हवी असते. रात्रभर, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत पाणी त्यात तसंच उभं. त्यात भर म्हणजे ड्रिल थांबलं की क्षणभर उलटी ओढ लागते आणि तोंडातली लाळ, रक्त थोडं आत खेचलं जातं. पुढे हे थांबवायला व्हॉल्व्ह आले, पण व्हॉल्व्हही झिजतात. नळीत शुद्ध पाणी सोडलं तरी दुसऱ्या टोकाला येणारं शुद्ध असेलच असं नाही.

हे कधी कळलं? 1963 मध्ये. ब्रिटनमध्ये ब्लेक नावाच्या संशोधकाने ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये या फवाऱ्याच्या पाण्यातले जंतू आणि त्यांचा बंदोबस्त यावर लेख लिहिला. एअरोटर येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्याच वेळी यंत्रं बदलता आली असती.

जग हादरलं ते वेगळ्याच कारणाने. जुलै 1990 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने जाहीर केलं की फ्लोरिडातल्या एका तरुणीला एचआयव्हीची लागण बहुधा तिच्या दंतवैद्याकडे झाली असावी. किम्बर्ली बर्गालिस तिचं नाव. अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देऊन ती 1991 च्या डिसेंबरात गेली, तेव्हा ती 23 वर्षांची होती. त्या डॉक्टरचे आणखी पाच पेशंट निघाले. विषाणू नेमका कसा पसरला हे आजतागायत ठरलेलं नाही. पण भीतीने कामं केली. ड्रिलचं हँडपीस नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटच्या तोंडात घालायची पद्धत सर्रास होती. 1993 च्या सूचनांत सीडीसीने स्पष्ट सांगितलं की ते प्रत्येक पेशंटनंतर उष्णतेनेच निर्जंतुक करा. हातमोजे, मास्क, सीलबंद पाऊच हे सगळं याच काळात रुळलं.

डोळ्यांना दिसणारी हत्यारं अशी स्वच्छ झाली. पाणी मात्र मागेच राहिलं.

2011 मध्ये इटलीत 82 वर्षांची एक बाई लिजनेला जंतूच्या न्यूमोनियाने गेली. लागण झाली त्या दिवसांत ती घराबाहेर पडली होती फक्त दोनदा, दोन्ही वेळा दातांच्या डॉक्टरकडे. तिच्या फुप्फुसातला जंतू आणि खुर्चीच्या नळीतला जंतू जुळला. 2015 मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या दुधाच्या दातांची नस काढली गेली आणि नंतर त्यांचे जबडे पिकले. टीबीच्या कुळातला मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस हा जंतू निघाला. तिथल्या पाण्यात एका मिलीलिटरमागे सरासरी 91 हजारांवर जंतू सापडले. मर्यादा आहे 500. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात तोच प्रकार, सत्तरच्या आसपास मुलं. ऑटोक्लेव्ह, हातमोजे हे सगळं रुळून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती.

आता परत वाणियंबाडीला येऊ. इथे दोष सलाईनच्या बाटलीत सापडला. दात काढल्यावर जखम धुवायला सलाईन लागतं, पन्नासेक मिली. बाटली असते 500 ची. तपासात आढळलं की हिरडी सोडवायच्या हत्याराने, पेरिऑस्टियल एलिव्हेटरने, बाटलीचं तोंड उघडलं जायचं आणि मग सैल झाकून तीच बाटली पुढच्या पेशंटांना वापरली जायची. वापरातल्या बाटलीत जंतू मिळाला: बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. आजाराचं नाव मेलिऑयडोसिस.

हा काही नवा जंतू नव्हे. 1911 मध्ये रंगूनला अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना तो शवविच्छेदनात दिसला, आणि त्या मृतांत मॉर्फिनची सुई टोचून घेणारे बरेच होते. म्हणजे हा जंतू आणि अस्वच्छ उपकरण यांचा संशय पहिल्या दिवसापासून सोबत आहे. तो मातीत आणि साचल्या पाण्यात राहतो. थायलंडमध्ये तो नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात 16 वर्षं जिवंत राहिल्याची नोंद आहे. त्याच्यापुढे सैल झाकलेली सलाईनची बाटली म्हणजे धर्मशाळाच.

भारतात माणसाला हा आजार झाल्याची पहिली नोंद 1991 मध्ये मुंबईतून झाली, रुग्ण लहान मूल होतं. उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात तर तो दर पावसाळ्यात दिसतो. भातशेती, चार महिने पाऊस आणि जोडीला मधुमेह, म्हणजे त्याला हवं ते सगळं कोकणातही आहे.

कायद्याचं म्हणाल तर तामिळनाडूत दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा 1997 पासून आहे, तरी हे घडलं. महाराष्ट्राने केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा घेतलाच नाही. आपल्याकडे आहे 1949 चा नर्सिंग होमचा कायदा, तो पेशंट ठेवून घेणाऱ्या जागांसाठी. दोन खुर्च्यांचा दाताचा दवाखाना त्यात बसत नाही. कचरा कुठे टाकता हे प्रदूषण मंडळ विचारतं. नळीतलं पाणी तपासलंत का, हे कोण विचारणार?

मागच्या महिन्यात अक्कलदाढ काढायला गेलो तेव्हा मीच विचारलं. हत्यारांचा पाऊच माझ्यासमोर फोडा म्हटलं, सलाईनची बाटली कधी उघडली तेही विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. नवी 100 मिलीची बाटली काढून समोर उघडली आणि उरलेलं ओतून टाकलं. नळीचं पाणी सकाळी दोन मिनिटं आणि दर पेशंटनंतर अर्धा मिनिट सोडतो म्हणाले, सर्जरीला ते वापरतच नाही. पाणी लॅबमधून तपासून घेतलंय का म्हटल्यावर मात्र जरा थांबले. "नाही हो, ते कधी केलं नाही. करून घेतो."