नावांचे स्मरण आणि घरगुती जाळे : स्थानिक डीएनएस कॅशिंग सर्व्हरचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

भारतातील इंटरनेटचा इतिहास सामान्यतः १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे विदेश संचार निगमने सार्वजनिक सेवा सुरू केली त्या दिवसापासून, सांगितला जातो. त्यात जोडणी कोणाला मिळाली, तिचा वेग व दर काय होता, यांची चर्चा असते. परंतु संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर त्याचा अंकी पत्ता कोण सांगतो आणि ते उत्तर कोठे जपले जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी बहुधा तंत्रज्ञांवर सोपवला आहे. घरातील डीएनएस कॅशिंग सर्व्हर या लहानशा साधनाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे. नावांचे स्मरण केंद्राकडे असावे की वापरणाऱ्याजवळ, हा प्रश्न तांत्रिक सोयीइतकाच सत्तेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

केंद्रीय यादीचा काळ :

अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफोर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र ही यादी सांभाळी व प्रत्येक संस्था तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली व १९८७ मध्ये तिला आजही पायाभूत मानले जाणारे स्वरूप मिळाले. अधिकार वाटून देणे आणि मिळालेले उत्तर जवळ साठवणे ही तिची दोन अंगे होत. पहिल्यावर बरेच लिहिले गेले, दुसऱ्यावर फारच थोडे. वास्तविक साठवणुकीविना ही रचना चाललीच नसती. प्रत्येक उत्तरासोबत त्याचे आयुष्य सेकंदांत दिलेले असते. ‘कॉम’ची नोंद कोठे मिळेल, हे मूळ सर्व्हरने सांगितलेले उत्तर १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, ग्राह्य राहते.

भारतात ‘डॉट इन’ची जबाबदारी १९८९ पासून मुंबईतील जुहू येथील एनसीएसटी या संस्थेकडे होती. २००५ च्या आरंभी ती निक्सीच्या नोंदणी यंत्रणेकडे गेली. त्याच वर्षी मूळ सर्व्हरच्या प्रतिकृती मुंबई, चेन्नई व दिल्ली परिसरात आल्या. मुंबई ते कॅलिफोर्निया हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. काचतंतूतील प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धरल्यास जाऊन येण्यास किमान १३५ सहस्रांश सेकंद लागतात. एका पानासाठी दहा नावे विचारावी लागली, की हा विलंब जाणवू लागतो.

मांजर्लीतील घर व साठवण :

बदलापूर पश्चिमेकडील मांजर्लीच्या रहिवाशास साठवणुकीचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. उल्हास नदीवरील बॅरेजमधून उचललेले पाणी ठरावीक वेळी येते; ते तळटाकीत, तेथून गच्चीवरील टाकीत आणि शेवटी घरातील पिंपात साठते. नावांचेही असेच आहे. ब्राउझर, राउटर, सेवादाता अशा प्रत्येक पायरीवर एक टाकी असते. घरगुती कॅशिंग सर्व्हर म्हणजे कुटुंबाच्या ताब्यातील टाकी होय.

१९९० च्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळत. त्याच काळात निकोलाय लँगफेल्ट यांच्या ‘डीएनएस हाउटू’ या मार्गदर्शिकेने फोनवरून जोडणी घेणाऱ्यांनाही स्वतःचा कॅशिंग सर्व्हर उभारण्याची रीत दाखवली. पुढे सायमन केली यांच्या डीएनएसमास्कने हे काम आणखी सोपे केले. जुन्या संगणकावर हा प्रोग्रॅम चालवायचा आणि राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून त्या संगणकाचा पत्ता द्यायचा, म्हणजे घरातील सर्व यंत्रे त्यालाच विचारू लागतात. मूळ रचनेत तो केवळ १५० नावे लक्षात ठेवतो; घरात चार-पाच मोबाइल असतील, तर ही मर्यादा वाढवणे इष्ट.

मात्र या साधनाचे माहात्म्य वाढवून सांगू नये. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्री केबली तुटल्या व भारतातील इंटरनेट मंदावले. अशा वेळी घरातील सर्व्हरला पत्ता ठाऊक असूनही उपयोग नसतो, कारण रस्ताच खुला नसतो. त्याच वर्षी डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले, की साठवणीत खोटे उत्तर घुसवणे समजले जाई त्याहून पुष्कळ सोपे आहे. साचलेले पाणी दूषित होऊ शकते, हेही टाकीवाल्यांना ठाऊक असतेच!

स्मरणाचे पुनश्च केंद्रीकरण :

डिसेंबर २००९ मध्ये गुगलने व एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने सर्वांसाठी मोफत डीएनएस सेवा सुरू केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमधून पाठवण्याची पद्धत प्रमाणित झाली. साध्या डीएनएसमधील प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा असतो. या पद्धतीने तो पाकिटात बंद झाला, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु ब्राउझर स्वतःच पाकीट परस्पर दूरच्या कंपनीकडे धाडू लागला, तर घरातील टाकी रिकामीच राहते. कोणते कुटुंब कोणती नावे विचारते याची नोंद वाटेतल्या सेवादात्याच्या नजरेआड होते, आणि मोजक्या कंपन्यांपाशी एकवटते. घरचा सर्व्हर सारे प्रश्न अशाच एका कंपनीकडे पुढे पाठवत असेल, तर वेग वाढतो. स्वायत्तता फारशी वाढत नाही. याउलट अनबाउंडसारखा प्रोग्रॅम मूळ सर्व्हरपासून स्वतः चौकशी करीत उत्तरापर्यंत पोहोचतो. त्याचे प्रश्न पोस्टकार्डावरच जातात, पण ते एकाच दारी जात नाहीत.

नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व जून २०२० मध्ये सुधारलेल्या एका तांत्रिक दस्तऐवजानुसार, अशा सर्व्हरला मूळ स्तराची संपूर्ण यादीच स्वतःजवळ ठेवता येते. तीत दीड हजाराच्या आत नोंदी आहेत. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत सुरू झालेले ‘.भारत’ही त्यांत आहे. १९८३ पूर्वी प्रत्येक संस्था जशी यादीची प्रत उतरवून घेई, तशीच ही यादी आता मांजर्लीतील एखाद्या घरात, जुन्या संगणकावर मावते.