नोंद आणि नाव : साथीचे कायदे आणि रुग्णाची गुप्तता

प्रास्ताविक

रुग्णाच्या वैयक्तिक माहितीची गुप्तता आणि सुरक्षितता हा विषय अलीकडे बहुधा संगणक, सर्व्हर आणि सायबर गुन्हे यांच्या संदर्भात चर्चिला जातो. त्यामुळे हा प्रश्न संगणकाबरोबरच जन्माला आला, असा समज रूढ होऊ पाहत आहे. पश्चिम भारतातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. शासनाला रोगाची मोजदाद हवी असते आणि रुग्णाला आपले नाव चारचौघांत नको असते. हा संघर्ष येथे किमान सव्वाशे वर्षे चालू आहे. रोगाची नोंद आणि रुग्णाचे नाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या ज्या वेळी शासनाने त्या एकत्र बांधल्या, त्या त्या वेळी लोकांनी रोगच दडविला आणि नोंदही अपुरी राहिली, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

वैद्याचे व्रत आणि न्यायालयाचा साक्षीदार

वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे ही अपेक्षा जुनी आहे. ग्रीक परंपरेत ती हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत आढळते, तर भारतीय परंपरेत चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात. रुग्णाच्या घरात शिरताना शिष्याने कसे वागावे, याचे तपशीलवार मार्गदर्शन तेथे केलेले असून त्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा स्पष्ट आदेश आहे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा आदेश रोगापुरता मर्यादित नाही. वैद्य घरात येतो तेव्हा त्याला रोगाखेरीज बरेच काही दिसते, हे ग्रंथकाराने ओळखले होते.

कायद्याने मात्र हे व्रत फारसे मनावर घेतले नाही. १७७६ मध्ये इंग्लंडमधील डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावरील द्विभार्या-प्रतिबंधाच्या धर्तीच्या, म्हणजे पहिला पती हयात असताना दुसरा विवाह केल्याच्या खटल्यात, शल्यवैद्य सीझर हॉकिन्स यांना साक्ष देणे भाग पडले. शल्यवैद्याने आपण होऊन गुपित फोडणे हा अप्रतिष्ठेचा प्रकार, पण न्यायालयाने विचारल्यावर सांगणे हे कर्तव्य, असा लॉर्ड मॅन्सफील्ड यांचा अभिप्राय पडला. हीच भूमिका पुढे भारतात आली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने अशील आणि वकील यांच्यातील संभाषणाला संरक्षण दिले. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संभाषणाला दिले नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी या बाबतीत स्थिती तीच आहे. वकिलांनी लिहिलेल्या कायद्यात वकिलांची गुपिते सुरक्षित राहावीत, यात आश्चर्य नाही.

प्लेग : दडविलेले रुग्ण

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात व्यवसाय करणारे मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग आल्याचे निदान केले आणि ते महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. डॉक्टरने समाजहितासाठी बोलावे कसे, याचे हे उत्तम उदाहरण होय. डॉ. व्हिएगस यांनी जे जाहीर केले, ती माहिती रोगाविषयीची होती. पुढील काही महिन्यांत शासनाने जे मागितले ते वेगळे होते. त्याला प्रत्येक रुग्ण हवा होता : त्याच्या नावासह, घरासह आणि देहासह.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात घातक रोगाची वर्दी देण्याचे बंधन डॉक्टरांवर आधीच घातलेले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे अधिकार वापरात येताच त्या वर्दीचा अर्थ पालटला. वर्दी दिली की रुग्ण आर्थर रोडच्या रुग्णालयात नेला जाई, कुटुंबीय वेगळे काढले जात, घराला चुन्याची सफेदी होई, सामान जाळले जाई. प्लेग झालेल्या घरांच्या दर्शनी भिंतींवर खुणा व तारखा रंगविल्या जात. त्यामुळे घरात काय घडले आहे, हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वाचता येत असे. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि प्रशासनाला आदेश सौम्य करावा लागला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. हा कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. त्यात शासनाला व्यापक अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे आणि सद्‌भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण आहे. रुग्णाविषयी मिळालेल्या माहितीचे काय करावे, यासंबंधी एक शब्दही नाही. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने मार्च १८९७ पासून ब्रिटिश सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली असा भेद झडतीत उरला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या असंतोषाची मीमांसा सामान्यतः धर्मभावना, जातीचा विटाळ, स्त्रियांची मर्यादा आणि राष्ट्रवाद यांच्या आधारे केली जाते. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘कलोनायझिंग द बॉडी’ (१९९३) या ग्रंथात वसाहतवादी सत्तेने देहावर प्रस्थापित केलेल्या अधिकाराचा विचार केला आहे. ही सर्व कारणे खरीच आहेत. तथापि, त्यांच्याखाली एक साधी गोष्ट दबून जाते. लोकांना आपल्या घरातील आजार शेजाऱ्याला कळायला नको होता. रुग्ण माळ्यावर, कपाटाआड लपविले जात. मृत्यू दडविले जात. मुंबई सोडून जाणाऱ्यांनी तर शहर जवळजवळ निम्मे रिकामे केले आणि जाताना काहींनी रोगही सोबत नेला. शासनाने जितकी झडती कडक केली, तितकी नोंद अविश्वसनीय होत गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली, तीही एका आजारी मुलीच्या तपासणीवरून. त्यानंतर मात्र सक्ती ढिली करून विविध समाजांच्या स्वतंत्र रुग्णालयांना आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्याला वाव देण्याचे धोरण बळावले. हा माघारीचा निर्णय होता हे खरे, पण अनुभवातून आलेला होता.

एक अनुक्रमांक

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर साथरोगाच्या क्षेत्रात नव्हे, तर गर्भपाताच्या कायद्यात सापडते. या कायद्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते आणि समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. उघडकीस येण्याच्या भीतीने स्त्रिया असुरक्षित ठिकाणी जातात व जीव गमावतात, हे वास्तव समोर होते. कायदा करून हे वास्तव बदलायचे तर स्त्रीला दवाखान्याच्या दारापर्यंत आणणे आवश्यक होते.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमाखालील १९७५ च्या आणि पुढे २००३ च्या विनियमांनी यासाठी साधी युक्ती योजली. स्त्रीचे नाव केवळ प्रवेश-नोंदवहीत लिहावयाचे. ही नोंदवही गोपनीय दस्तऐवज मानावयाची. केस-पेपर, शस्त्रक्रियागृहाची वही इत्यादी इतर सर्व कागदांवर फक्त अनुक्रमांक असावयाचा. शासनाला आकडे मिळतात. नाव एका वहीच्या बाहेर जात नाही. २०२१ च्या दुरुस्तीने नाव उघड करण्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. प्रत्यक्ष व्यवहारात हे नियम किती काटेकोरपणे पाळले जातात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा. परंतु नोंद आणि नाव यांची फारकत करता येते, हे या वहीने फार पूर्वीच दाखवून दिले होते. आरोग्यविषयक लेखनात तिची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती, तेवढी घेतली गेलेली नाही.

गोवा, १९८९

एड्सची भीती पसरली तेव्हा या वहीची आठवण कोणास झाली नाही. प्लेगची मात्र झाली. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियम, १९८५ यात दुरुस्ती करून एचआयव्ही-बाधित आढळलेल्या व्यक्तीस सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद करण्यात आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले आणि एका सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस ठेवले. त्याची बाधा लक्षात आली होती ती रक्तदानानंतर झालेल्या तपासणीत. म्हणजे दुसऱ्यासाठी रक्त देण्यास जो स्वतःहून पुढे आला, त्यालाच शासनाने पकडले. प्लेगच्या काळात रुग्ण लपले म्हणून शोधले गेले. येथे तर लपण्याचाही प्रश्न नव्हता.

त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजहित यांत संघर्ष आल्यास व्यक्तीने माघार घ्यावी, असा दृष्टिकोन स्वीकारून न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. गुप्तता आणि समाजहित हे दोन विरोधी पक्ष आहेत, हे गृहीतक येथे तपासलेच गेले नाही. ज्या रोगाची चाचणी लोकांनी आपण होऊन करून घ्यावी लागते, तेथे अटकेचे भय हेच समाजहिताला मारक ठरते, ही बाजू निकालात मागे पडली. १९९२ मध्ये डॉमिनिकचे निधन झाले.

१९९७ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. एचआयव्ही-बाधित असल्याच्या कारणावरून नोकरी नाकारल्या गेलेल्या कामगाराच्या ‘एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.’ या प्रकरणात न्यायालयाने अर्जदारास नाव न उघडता दाद मागू दिली. खटल्याचे नावच जणू अनुक्रमांक झाले! पुढील वर्षी ‘मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मात्र रुग्णाची बाधा उघड झाल्याबद्दल रुग्णालयास दोषी धरले नाही. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क श्रेष्ठ मानला. त्याच ओघात बाधिताच्या विवाहाच्या हक्काविषयी केलेले भाष्य अनावश्यक होते, असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये म्हटले. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत गुप्ततेला तीन अपवाद आहेत : न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि अधिसूचित रोग. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. त्याने बाधितांच्या माहितीची गुप्तता आणि नोंदींची सुरक्षितता कायद्याने बंधनकारक केली. गोव्यातील त्या ६४ दिवसांनंतर यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

पुन्हा भिंतीवरील खूण

मार्च २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने १८९७ चा अधिनियम पुन्हा हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात गृह-विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारले गेले. भिंतीवरची खूण आता देहावर आली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी जाहीर केल्यानंतरची ही घटना आहे. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती आवश्यकच होती. परंतु रुग्णाच्या नावाविषयीचे १८९७ चे मौन तसेच राहिले.

सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत नागरिकास १४ अंकी आरोग्य क्रमांक दिला जातो. रुग्णाच्या संमतीचे तत्त्व त्या योजनेत स्वीकारलेले आहे, हे मान्य करावयास हवे. तरीही दोन क्रमांकांतील फरक नजरेआड करता येत नाही. १९७५ चा अनुक्रमांक नाव वेगळे ठेवण्यासाठी होता; हा क्रमांक निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी एका व्यक्तीशी जोडण्यासाठी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने कागदावर करावे लागले. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ माहितीचा दर्जा दिला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. क्षयरोग्याच्या नोंदीला आणि किराणा दुकानाच्या ग्राहकयादीला त्या कायद्यात एकच नाव आहे : वैयक्तिक माहिती.