बंदीला कागद होता तेव्हा

रत्नागिरी शहरातून भाट्याचा पूल ओलांडला की सागरी रस्ता पावस, पूर्णगड करीत राजापूर तालुक्याच्या किनाऱ्याकडे निघतो. भाट्ये ओळखले जाते ते सुरूच्या बनासाठी, झरी विनायकासाठी आणि नारळ संशोधन केंद्रासाठी. वृत्तपत्रांच्या इतिहासात या गावाचे नाव शोधून सापडणार नाही. पण पुलाच्या अलीकडे, टिळक आळीत, २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात असले तरी १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आणि दक्षिणेला राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. एकाच जिल्ह्यातल्या या नोंदी ओळीने लावल्या की एक गोष्ट जाणवते. इंग्रजी अमदानीत लेखणीला घातलेला पायबंद कठोर होता, पण बहुधा त्याला कागद असे. आजच्या पायबंदाचा कागदच हाती लागत नाही, आणि मला तो बदल अधिक घातक वाटतो.

कागद होता म्हणजे न्याय होता, असे नाही. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला छापखानेवाल्याकडून जामीन मागता येई आणि त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढण्याची सोय नव्हती. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांवरील मजकुराबद्दल टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १९०८ मध्ये 'केसरी'च्या १२ मे आणि ९ जूनच्या अग्रलेखांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीतल्या सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. आणि बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. १९१० च्या कायद्याने तर छापखान्याची मान अनामत रकमेच्या फासात अडकवली आणि टपालातले अंक अडवण्याचीही मुभा घेतली. म्हणजे वितरणाची वाट रोखण्याची युक्ती काही इंटरनेटबरोबर जन्माला आलेली नाही. तरीही १९०८ चा आक्षेपार्ह मजकूर कोणता, आरोप कोणते, आरोपी काय म्हणाला, हे सगळे उघड्या न्यायालयात बोलले गेले आणि न. चिं. केळकरांनी ते ग्रंथरूपात छापले. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्यावरच्या अटीही लेखी होत्या: जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात पडायचे नाही. अट लेखी असली की तिच्यावर टीका करता येते, ती मोडता येते, पुढच्या पिढीला ती सरकारच्या तोंडावर वाचून दाखवता येते.

आता २००९ च्या नियमांकडे पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली संकेतस्थळावरचा मजकूर रोखण्याची कार्यपद्धती त्यांत आहे, आणि सोळावा नियम सांगतो की तक्रारी व त्यांवरची कारवाई यांबाबत काटेकोर गोपनीयता पाळावी. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी त्याच कायद्यातले, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला गुन्हा ठरवणारे ६६-अ हे कलम रद्द केले. ते प्रकरण आपल्याच पालघरमधून निघाले होते. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका साध्या पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्याच निकालाने ६९-अ मात्र टिकवले. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि ती न्यायालयापुढे ठेवून आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार होता. पण नोंदवलेले कारण फाइलीत कुलूपबंद राहिले तर ज्याचा लेख गेला तो आव्हान कशाला देणार? टिळकांचा 'केसरी' कोणत्या ओळींसाठी दोषी ठरला हे गल्लीतल्या पोराला माहीत होते. आजच्या वार्ताहराला आपला व्हिडिओ सरकारने काढला, की कंपनीने, की कोणाच्या सामूहिक तक्रारींनी, हेसुद्धा अनेकदा कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की खोट्या मजकुराचे काय? आक्षेप पोकळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेने भटक्या समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला. मोबाइल निर्दोष आहे असे म्हणणाऱ्याने तिथे जाऊन म्हणावे. पण मग सत्य ठरवणार कोण? एप्रिल २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच तथ्यतपासणी कक्षाला देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या सप्टेंबर २०२४ च्या मतामुळे ती दुरुस्ती रद्द झाली. फिर्यादी, पंच आणि न्यायाधीश एकच असू नये, एवढे जुने तत्त्व त्यासाठी पुरेसे आहे. राईनपाड्याला जे हवे होते ते तत्काळ पोहोचणारे पोलीस आणि गावाचा विश्वास असलेला बातमीदार; गुप्त आदेशाने ते मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग आवाज दाबला जातो कसा? बोलणे स्वस्त झाले, हे खरे. पण चौकशी करणे, जमिनीचे व्यवहार धुंडाळणे, नाव घालून छापणे स्वस्त झालेले नाही. वारिशे यांनी राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित रिफायनरीच्या समर्थक व्यक्तीविषयी 'महानगरी टाइम्स'मध्ये लिहिले. बातमी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी त्यांना धडक बसली. तीच व्यक्ती आरोपी ठरली, गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदला गेला आणि निदर्शनांनंतर त्यात खुनाचे कलम आले. दोष सिद्ध होणे न होणे न्यायालयाचे काम. तालुक्याच्या गावात मात्र बातमीदाराचा रोजचा रस्ता, त्याची दुचाकी, त्याची वेळ सर्वांना ठाऊक असते, आणि हजार अनामिक खात्यांपैकी एकही त्याच्या जागी उभे राहत नाही. २०१७ मध्ये विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तो २०१९ मध्ये अमलात आला, म्हणजे राजापूरची घटना घडली तेव्हा तो लागू होता.

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. तोच दंडक मजकूरबंदीलाही लावावा, सोळावा नियम रद्द करावा आणि ज्याचे लिखाण काढले त्याला आदेशाची प्रत द्यावी. आपल्या खासदाराला हे पत्राने कळवायला वाचकाला कोणाची परवानगी लागत नाही.