मुलांमधील मूत्रमार्गाचा संसर्ग : पुनरावृत्ती कशी टाळावी?

ताप उतरतो, प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण होतो आणि दोन-तीन महिन्यांतच मुलीला लघवी करताना पुन्हा जळजळ होऊ लागते. असा अनुभव अनेक पालकांना येतो. अशा वेळी केवळ औषध बदलून भागत नाही. संसर्ग पुन्हा का झाला, याचा शोध घ्यावा लागतो. संसर्ग वारंवार मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्यास तेथे कायमचे व्रण राहू शकतात आणि पुढील आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका संभवतो.

संसर्ग का उलटतो?

हा संसर्ग बहुधा 'ई. कोलाय' या आतड्यातील जीवाणूमुळे होतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जीवाणू मूत्राशयात सहज शिरतात. लघवी रोखून धरल्यास त्यांना वाढण्यास अवसर मिळतो. बद्धकोष्ठता असल्यास मलाने भरलेल्या गुदाशयाचा दाब मूत्राशयावर पडतो व ते पूर्ण रिकामे होत नाही. काही मुलांमध्ये लघवी मूत्राशयातून उलट मूत्रपिंडाकडे जाण्याचा दोष असतो. त्याच्या निदानासाठी सोनोग्राफी व गरजेनुसार अन्य तपासण्या कराव्या लागतात.

सवयी महत्त्वाच्या

शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असले, की मुली पाणी पिणेच टाळतात आणि घरी येईपर्यंत लघवी रोखून धरतात. पालकांनी शिक्षकांशी याबाबत अवश्य बोलावे.

* मुलाला दर दोन-तीन तासांनी, तसेच झोपण्यापूर्वी लघवीला पाठवावे.
* घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करण्यास शिकवावे. कमोडवर बसताना पायांखाली पाट द्यावा.
* पुरेसे पाणी, फळे, पालेभाज्या देऊन शौचास नियमित होईल असे पाहावे. तरीही त्रास राहिल्यास बद्धकोष्ठतेवर वैद्यकीय उपचार करावेत.
* मुलींची स्वच्छता पुढून मागे अशी करावी. मुलांच्या शिश्नावरील त्वचा बळाने मागे ओढू नये.

औषधांचे स्थान

लघवी उलट जाणाऱ्या ६०७ मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षे रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक दिल्याने संसर्गाची पुनरावृत्ती जवळपास निम्म्याने घटली. मात्र मूत्रपिंडावरील व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढले. म्हणून असे औषध निवडक मुलांनाच, तज्ज्ञांच्या सल्ल्याने द्यावे.

दुर्लक्ष नको

तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप आल्यास लघवीची तपासणी आवश्यक ठरते. मोठ्या मुलांत ताप, ओटीपोटात वा पाठीत दुखणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे ही लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कल्चरसाठी लघवीचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच घेतला जावा. घरातील उरलेले औषध देऊ नये. त्यामुळे निदान चुकते आणि मोलाचा वेळ वाया जातो.